आठ दिवस गप्प राहिलेला भोंगा

दचकू नका! मी भोंगा बोलतोय. हो, तोच. हातात धरायचा, पुढून फुललेला आणि मागे बटण असलेला. आवाज मोठा लागला तर सांभाळून घ्या. हळू बोलायचं आमच्या जातीत कुणाला शिकवतच नाहीत.

सध्या माझा मुक्काम बॉबलिंगेनला. एका मराठी घरात, दाराच्या आत, चपलांच्या कपाटावर. एका बाजूला छत्र्या, दुसऱ्या बाजूला रिकाम्या बाटल्यांची पिशवी, मध्ये मी. जर्मनीत भोंग्याने राहायचं म्हणजे माळकऱ्याच्या घरी मांजराने राहायचं. दुपारी एक ते तीन शांतता. रविवारी दिवसभर शांतता. अहो, रविवारी इथे भिंतीत खिळासुद्धा ठोकायचा नसतो! शेजारच्या फ्राऊ हेबर्ले खिडकीतच बसलेल्या असतात. मी आपला आत गुरगुरत पडून असतो. जीव नुसता वरखाली होतो.

पण आज मला बोलायचंच आहे. आठ दिवसांची एक गोष्ट माझ्या घशात अडकलीय, ती काढल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते विचारू नका. पोटावरची चिठ्ठी कधीच सुटून गेली. शुद्धीवर आलो तेव्हा मी पूर्व आफ्रिकेतल्या एका शाळेच्या मैदानावर होतो. देशाचं नाव सांगणार नाही, खटला चालू आहे. गाव एका अफाट मोठ्या तळ्याकाठचं. आणि मला हातात धरून उभे होते ओदेरो गुरुजी, खेळाचे शिक्षक. ताडमाड उंच, बारीक, आणि थट्टेखोर. शर्यत लागली की माझ्यातून ओरडायचे, "पळा रे पळा, मागे बैल सुटलाय!" आणि मुलं खरंच मागे वळून बघायची. दरवेळी! मलाही हसू आवरायचं नाही, मग मी कर्रर्र करायचो. गुरुजी मला दोन टपल्या मारायचे आणि पुढे बोलायचे.

एकदा शाळा सुटल्यावर मैदानाच्या कडेच्या झाडाखाली पंधरा-वीस बायका जमल्या. त्यांच्यासमोर एक बाई बोलत होती आणि तिचा घसा पार बसला होता. नुसती हवा निघत होती. तरी थांबायला तयार नाही. ती अवूर.

अवूर मासे विकायची. नवरा तापाने गेला तेव्हा ती एकोणतीस वर्षांची होती. तिसऱ्या दिवशी दिराने घराला कुलूप लावलं आणि सांगितलं, जमीन आता माझी. तिकडे तशीच रीत पडलेली. कायदा वेगळं सांगत होता, पण तो वाचलाय कुणी? अवूरने वाचला. दुसऱ्याकडून पुस्तक मागून आणून, बोट ठेवून ठेवून वाचला. मग जिल्ह्याच्या कोर्टात अकरा वेळा चालत गेली. न्यायाधीश म्हणाले, "तुमचा वकील कुठाय?" ही म्हणाली, "मी आलेय ना, मग तो कशाला?" जमीन परत मिळवली आणि दिराला चहाला बोलावलं. अशी बाई!

एकीचं झालं म्हटल्यावर बाकीच्या विधवा येऊ लागल्या. कुणाचं घर गेलेलं, कुणाची गाय, कुणाचं शेत. त्या दिवशी झाडाखाली त्याच बसल्या होत्या. ओदेरो गुरुजी मला घेऊन तिच्याकडे गेले आणि म्हणाले, "हा घे. आमचा क्रीडादिन वर्षातून एकदा असतो. तुला हा रोज लागणार."

त्यांनी मला पुन्हा कधी मागितलं नाही. शाळेत विचारणा झाली तेव्हा स्वतःच्या जबाबदारीवर दिलाय म्हणून लिहून दिलं. मी तेव्हापासून अवूरचा, पण गुरुजींचा हात मी विसरलो नाही. हे नीट लक्षात घ्या, कारण पुढे माझा जीव का जळला ते त्याशिवाय कळायचं नाही.

मग काय, दर गुरुवारी बाजाराच्या दिवशी आमची सभा. अवूर माशांच्या उलट्या खोक्यावर चढायची, मला तोंडाशी धरायची आणि आधी विचारायची, "मागे ऐकू येतंय का गं?" मागच्या बायका मुद्दाम ओरडायच्या, "नाहीऽऽ!" बघता बघता त्रेसष्ट जणी झाल्या. ज्यांना सही येत नव्हती त्यांनी खिळ्याने माझ्या अंगावर आपापली खूण कोरली. कुणी मासा, कुणी चंद्र, कुणी नुसत्या दोन रेघा. म्हातारी अपियो, त्यांच्यातली सगळ्यांत वडील, तिने तर माझ्या तोंडाच्या कडेवरच कोंबडी काढली. दुखलं मला, पण मिरवलंही मी.

पुढे एका ऊसमळेवाल्या कंपनीला ती तळ्याकाठची सगळी जमीन हवी झाली. विधवांना फसवणं सोपं, असा त्यांचा हिशेब. पण त्रेसष्ट जणी अंगठा द्यायला तयार होईनात. मग अवूरच्या दारात एक पांढरी गाडी येऊन उभी राहू लागली. मग तिचं छप्पर जळलं. मग एका परदेशी संस्थेने तिला सांगितलं, सहा महिने जर्मनीत जाऊन राहा, जीव वाचव, तोवर खटला वकील बघतील. ती नको नको म्हणत होती. ओदेरो गुरुजींनीच तिला जायला तयार केलं. म्हणाले, "जिवंत राहिलीस तर भांडशील. बाजार मी बघतो." तिने मला दोन झग्यांमध्ये गुंडाळलं आणि आम्ही निघालो. सुरक्षा तपासणीत माझ्या बॅटऱ्या काढून घेतल्या. आयुष्यात पहिल्यांदा मी मुका झालो.

संस्थेने तिची राहायची सोय लावली ती देवस्थळींकडे. शुभदाताई आणि श्यामकांत देवस्थळी, सव्वीस वर्षं जर्मनीत. ते इंजिनिअर, त्या किंडरगार्टनमध्ये. मुलगी उर्जा सतरा वर्षांची. आई मराठीत विचारते, ती जर्मनमध्ये उत्तर देते, आणि दोघींना वाटतं की संवाद चाललाय.

अवूरने पहिल्याच दिवशी तीन गोष्टी सांगितल्या, इंग्रजीत. तिचं आणि या घराचं बोलणं त्याच भाषेत चालायचं. दारावरच्या घंटीवर माझं नाव नको. माझा फोटो नको. मी कुठल्या गावात आहे ते कुणाला कळायला नको. शुभदाताईंनी तिचे दोन्ही हात हातात घेतले. "अवूरताई, अगदी निश्चिंत राहा. हे तुमचंच घर." आणि बाईंनी जीव लावला हो! वरणभातापासून लोकरीच्या मोज्यांपर्यंत. अवूर त्यांना 'मामा शुभदा' म्हणायची, तिकडे मोठ्या बाईला मानाने तसं म्हणतात. श्यामकांतराव चिडवायचे, "काय मामा, भाचीला चहा दिला का?"

तरी अवूरचा पाय घरात ठरत नव्हता. सकाळी उठली की दारापासून खिडकीपर्यंत फेऱ्या. मग बाहेर. गावाच्या मध्यावर इथे दोन तळी आहेत, त्यांच्याभोवती चालायची. परत येऊन म्हणायची, "याला तुम्ही तळं म्हणता? पलीकडचा माणूस शिंकला तर ऐकू येतो!" फोन हातातून खाली नाही. गुरुवार आला की तिला जेवण जायचं नाही. बाजार भरला असेल, सभा झाली असेल, ओदेरोने काय सांगितलं असेल. मी कपाटावरून बघायचो. माझीही तीच गत. दोघंही फुकट बसलेले.

आता या घराची एक खोड सांगतो. या घराचीच कशाला, इथल्या बहुतेक मराठी मंडळींची. यांना वाटतं, मराठी म्हणजे आपलं कुलूपबंद कपाट. एस-बानमध्ये, म्हणजे इथल्या लोकलमध्ये, समोर माणूस बसलेला असतो आणि हे खुशाल त्याच्याच टोपीबद्दल, त्याच्याच नाकाबद्दल मोठ्याने बोलतात. "अहो, हळू." "अगं, त्याला काय कळतंय!" सव्वीस वर्षांत कुणी पकडलं नाही, म्हणून सवय हाडात मुरलेली.

मार्चमध्ये महाराष्ट्र मंडळाचा महिलादिन आला. शुभदाताई मंडळाच्या चिटणीस. "नुसतं जेवायला चला," म्हणून अवूरला घेऊन गेल्या. मलाही नेलं, कारण मंडळाचा माइक नेहमी ऐनवेळी दगा देतो. माझ्यात बॅटऱ्याच नाहीत हे कुणाच्या ध्यानात नव्हतं. चर्चच्या भाड्याच्या हॉलमध्ये मसालेभाताचा घमघमाट, साठ-सत्तर माणसं, पोरं टेबलांखाली. आणि जेवणाआधी शुभदाताईंनी अचानक जाहीर केलं की आजच्या आपल्या प्रमुख पाहुण्यांचा सत्कार! आपल्या माणसांना कर्तबगार बाई दिसली की तिच्या खांद्यावर शाल घातल्याशिवाय राहवत नाही. जरीकाठाची शाल, श्रीफळ, टाळ्या.

खोटं कशाला बोलू, अवूर खुलली. कित्येक महिन्यांत ती तशी हसली नव्हती. तिनेच उर्जाला स्वतःच्या फोनवर एक फोटो काढायला लावला आणि तो फक्त एका माणसाला पाठवला. ओदेरो गुरुजींना. त्यांचं उत्तर आलं, "झकास! नारळ आणायला विसरू नकोस."

शुभदाताईंनी अवूरचं लक्ष नसताना आपल्या फोनवर वेगळा फोटो काढला. सोमवारी तो मंडळाच्या फेसबुकवर टाकायला बसल्या. मी समोरच होतो. लिहिलं, "पूर्व आफ्रिकेतील लढाऊ कार्यकर्त्या अवूरताई यांचा बॉबलिंगेन येथे हृद्य सत्कार." पुढे फुलं, हात जोडलेले.

श्यामकांतराव मागून वाचत होते. "अगं, फोटो नको म्हणाल्या होत्या ना त्या?"

"अहो, मराठीत लिहिलंय! त्यांच्या गावात कोण बसलंय मराठी वाचायला?"

"हं, ते पण खरंच," ते म्हणाले आणि चहा प्यायला गेले.

मला ओरडायचं होतं. बटण कोण दाबणार?

त्याच आठवड्यातल्या गुरुवारी, संध्याकाळी, अवूरच्या फोनवर ओदेरो गुरुजींनी एक चित्र पाठवलं. बाजारात कंपनीची माणसं एक कागद वाटत होती. कागदावर अवूरचा शाल पांघरलेला फोटो, झेरॉक्सची झेरॉक्स काढून काळवंडलेला. खाली गावाचं नाव, बॉबलिंगेन, जर्मनी. आणि मोठ्या अक्षरात, "तुमची पुढारीण तुमच्या जमिनीचा सौदा करून इकडे शाली पांघरतेय. तुम्ही कशाला अडून बसलाय?" गुरुजींनी लिहिलं होतं, "काय करू सांग. अकरा जणींनी आजच अंगठा दिला."

अवूर दारातच बसली. चपला काढायच्या पाटावर. तिने त्यांना फोन लावला. "हा फोटो मी फक्त तुला पाठवला होता."

पलीकडून गुरुजींचा आवाज मला स्पष्ट आला. "अवूर, मी कुणाला दाखवलासुद्धा नाही."

"मग मी इथे राहते त्या गावाचं नाव त्यांना कुणी दिलं? ते तुझ्याशिवाय कुणाला माहीत होतं?"

"मला खरंच माहीत नाही. माझ्यावर विश्वास ठेव."

"किती घेतलेस, ओदेरो? तू मला विकलंस." आणि तिने फोन बंद केला. त्यांचा नंबर अडवून टाकला. आता त्यांनी शंभर वेळा फोन केला असता तरी तो वाजणार नव्हता.

अहो, ओदेरो गुरुजी! ज्या माणसाने मला दिलं आणि परत मागितलं नाही, तो! माझ्या आत काय काय फाटलं ते मी सांगू शकत नाही.

शुभदाताईंनी स्वयंपाकघरातून आवाज ऐकला, आणि अवूरने त्यांना तो कागद दाखवून सगळं सांगितलं. अवूर खोलीत गेल्यावर त्यांनी उर्जाला बोलावलं आणि फोन पुढे केला. "उर्जा, हे बाहेरच्या कुणाला वाचता येईल का गं? मराठीत आहे."

उर्जाने एक बोट लावलं. "आई, दा इस्ट डोख आइन क्नोप्फ." भाषांतराचं बटण आहे ना तिथे. तिने ते दाबलं, आणि शुभदाताईंचा हृद्य सत्कार सरळ इंग्रजीत उलगडला. गावासकट.

बाईंनी घाईघाईने पोस्ट काढून टाकली. श्यामकांतराव आले, त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "काढलीस ना? मग झालं. आता सांगून काय होणार? ती चिडून घराबाहेर पडेल, आणि जाईल कुठे बिचारी? झाकली मूठ सव्वा लाखाची."

"पण ती त्या मास्तरांना दोष देतेय हो."

"दोन दिवसांनी शांत होईल. आपण नाही पडायचं मध्ये."

ते दुष्ट नव्हते. घाबरले होते. पण बघा, ज्या बाईंच्या तोंडात तीळ भिजत नाही, मंडळाची बातमी ज्यांच्याकडून स्टुटगार्टला तासाभरात पोचते, त्या आठ दिवस गप्प राहिल्या.

ते आठ दिवस कसे गेले म्हणता! अवूर फिरायची थांबली. खिडकीशी बसून राहायची. संस्थेच्या बाईंना तिने कळवलं की मी इथेच आश्रय मागते, अर्ज भरते. टेर्मीन, म्हणजे भेटीची वेळ, मिळाली पुढच्या शुक्रवारची. त्या बाईंनी तिला पुन्हा पुन्हा समजावलं, एकदा हा आन्ट्राग, म्हणजे अर्ज, दिला की पासपोर्ट इथल्या सरकारकडे जमा होतो आणि गावाचा रस्ता बंद होतो. नीट विचार करा. अवूर म्हणाली, "तिकडे आता माझं कोण आहे?"

बुधवारी या घराची केअरवोखं होती. म्हणजे दारावर पाटी लागते आणि त्या आठवड्यात इमारतीचा जिना तुम्ही झाडायचा. दार उघडं होतं. शुभदाताई पायऱ्या झाडत होत्या, आणि अवूर न सांगता आली आणि मागून ओलं फडकं मारू लागली. दोघी एकेक पायरी उतरत होत्या. मधल्या वळणावर शुभदाताई थांबल्या. झाडू भिंतीला टेकवला. "अवूरताई, मला तुम्हाला एक..."

बोला! बोला हो बाई!

खालचं दार उघडलं आणि फ्राऊ हेबर्ले वर आल्या. कोपऱ्यातली धूळ राहिलीय म्हणाल्या. गेनाऊ, म्हणजे नेमकं तिथे, असं बोटाने दाखवलं. शुभदाताई लगेच वाकल्या, तो कोपरा झाडला, आणि पुन्हा वर बघितलं तोवर अवूर पुढे गेली होती. शुभदाताईंनी पुन्हा हाक मारली नाही. उद्या सांगू, असं त्यांच्या तोंडावर मला स्वच्छ दिसलं.

गुरुवार तसाच गेला.

शुक्रवारी सकाळी अवूर कपडे करून तयार. कागदांची फाइल हातात. शुभदाताईंनी उपमा वाढला. अवूर खुर्चीवर बसली नाही, उभ्यानेच त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "मामा शुभदा, मला नीट आभार मानता येत नाहीत. पण एक सांगते. ज्यांच्यासाठी मी छप्पर जाळून घेतलं त्यांनी मला फसवलं. या घराने नाही फसवलं."

शुभदाताईंनी पळी पातेल्यात ठेवली. "अवूरताई, फोटो मी टाकला होता."

अवूरला कळलंच नाही. "कुठला फोटो?"

"तोच. गावाच्या नावासकट. मंडळाच्या पानावर. मला वाटलं मराठीत आहे, कोण वाचणार... तुमच्या ओदेरोंनी काही केलेलं नाही. मी केलं."

"तुला कधीपासून माहीत आहे?"

"गेल्या आठवड्यातल्या गुरुवारपासून."

मला वाटलं आता ही ओरडेल. बाजार दणाणून सोडणारी बाई ती. पण तिने आवाज चढवला नाही. ओदेरो गुरुजींचा नंबर मोकळा केला आणि लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. मग म्हातारी अपियोला लावला. तिचा आवाज मी कुठेही ओळखीन.

अपियो म्हणाली, "तुला माहीत नाही? काल बाजारात ओदेरो खोक्यावर चढला. भोंगा नव्हता, नुसत्या घशाने ओरडत होता. म्हणाला, अवूरने विकलेलं नाही, कुणी अंगठा देऊ नका, मी तिला ओळखतो. खाली उतरला तर पांढरी गाडी उभी होती. चौघांनी आत घातला. रात्री घरी आलेला नाही. चौकीवर म्हणतात, आम्हाला माहीत नाही."

काल. गुरुवारी. बुधवारी त्या जिन्यावर एक वाक्य पूर्ण झालं असतं, तर अवूरने त्याच मिनिटाला फोन लावला असता. एकटा जाऊ नकोस म्हणाली असती. निदान, चुकले म्हणाली असती. त्या माणसाने तिचं शेवटचं ऐकलं ते "तू मला विकलंस". आणि तरी तो तिच्यासाठी खोक्यावर चढला.

शुभदाताई जमिनीवर बसून रडू लागल्या. अवूर म्हणाली, "उठ. रडायला वेळ नाही. ज्यांनी तो कागद पाहिलाय त्यांना तुझ्या तोंडाने सांग."

श्यामकांतराव मध्ये पडले, "अहो, पण फोनवर आवाज तर हल्ली कुणाचाही बनवता येतो. त्या विश्वास ठेवतील?"

अवूरने माझ्याकडे बघितलं. "हा हातात घेऊन बोलेल ती. याच्यावरच्या खुणा त्यांनी स्वतः कोरल्यात. दुसरा असा कुठून आणणार?"

रविवारी, भर दुपारी दीड वाजता, उजेड चांगला होता म्हणून, आम्ही बाल्कनीत. उर्जाने फोन धरला. बॅटऱ्या नव्या घातल्या होत्या. कित्येक महिन्यांनी माझ्या अंगात वीज खेळली आणि मी आधी एक सणसणीत शिट्टी मारली. समोरच्या सगळ्या खिडक्या उघडल्या.

"कुठल्या भाषेत बोलू?" शुभदाताईंनी विचारलं.

"तुझ्या. काय बोलणार ते मला आधी इंग्रजीत सांग, मी मागून सांगते."

मग शुभदाताई बोलल्या. इतकी वर्षं जिन्यात पाय न वाजवता चाललेली ती बाई, दोन्ही हातांनी मला घट्ट धरून, मराठीत. "मी शुभदा देवस्थळी. ही शाल मी घातली. तिने काही विकलं नाही, काही घेतलं नाही. तिने नको म्हटलं होतं, मी फोटो टाकला. मास्तरांचा काही दोष नाही. मला आठ दिवस माहीत होतं आणि मी बोलले नाही. माझी चूक आहे. माझी. अंगठा देऊ नका." प्रत्येक वाक्यामागून अवूर तिकडच्या भाषेत सांगत होती. फ्राऊ हेबर्ले खिडकीत होत्या. त्यांना एक अक्षर कळलं नसेल, पण घड्याळ दाखवलं नाही.

व्हिडिओ पोचला. बायकांनी माझ्या अंगावरचे मासे, चंद्र, कोंबडी ओळखली. पुढच्या गुरुवारी एकीनेही अंगठा दिला नाही. ज्यांनी दिला होता त्यांतल्या नऊ जणी वकिलाकडे गेल्या. हे सगळं चांगलंच झालं.

पण गुरुजी?

अवूरने आन्ट्राग दिला नाही. तीन आठवड्यांत ती निघाली. सगळ्यांनी समजावलं, तुला विमानतळावरच धरतील. ती म्हणाली, "धरू देत. निदान ते कुठे ठेवतात माणसं, ते कळेल." दारात शुभदाताई तिचे पाय धरायला वाकल्या, तिने वरच्यावर उचललं.

"अवूरताई, मला माफ करा."

"माफी मी कशी देऊ, मामा शुभदा? ज्याच्याकडे मागायची त्याला आधी शोधू दे."

मला वाटलं आता मला पिशवीत घालेल. तिने मला हातात घेतलं, कोंबडीवरून अंगठा फिरवला आणि शुभदाताईंच्या हातात दिलं. "तिकडे याला बघितलं की मला ओळखतील. इथे ठेव. आणि नुसता ठेवू नकोस." मी तिच्याबरोबर जायला तडफडत होतो. पण तिचं बरोबर होतं.

याला आता सात महिने झाले. तिला विमानतळावर धरलं, दोन दिवसांनी सोडलं, पुन्हा एकदा धरलं, पुन्हा सोडलं. आता ती कोर्टात एकच अर्ज घेऊन उभी राहते, ओदेरो कुठे आहेत ते सांगा. चौथ्यांदा पुढची तारीख मिळालीय. इकडे शुभदाताई महिन्यातून एका शनिवारी, रीतसर परवानगी काढून, मला घेऊन गावच्या चौकात उभ्या राहतात. त्या मराठीत बोलतात, उर्जा जर्मनमध्ये सांगते. हो, आता ती मराठी नीट ऐकते. श्यामकांतराव ओदेरोंचा फोटो धरून बाजूला उभे असतात. मान खाली. मंडळातले कधी चार जण येतात, कधी कुणीच नाही. सत्काराला सत्तर होते.

दर गुरुवारी संध्याकाळी अवूरचा फोन येतो. शुभदाताई तो माझ्याशेजारी उभं राहून घेतात. एक हात माझ्यावर. नमस्कार नाही, काही नाही. पहिला प्रश्न तोच.

"सापडले?"

"नाही अजून."

वाचकहो, मी भोंगा आहे. मला स्वतःचं एक वाक्यसुद्धा नाही. कुणीतरी बटण दाबायचं, कुणीतरी बोलायचं, तेव्हा माझा आवाज. तुमचं तसं नाही. तुम्हाला कुणाविषयी खरं काही माहीत असेल, आणि तुमच्या गप्प राहण्याने दुसऱ्याच्या माथी दोष लागत असेल, तर कोपरा झाडायचा राहू दे, आधी हाक मारा. आमच्या शुभदाताईंनी सांगितलं. सगळं सांगितलं, मोठ्याने सांगितलं, भर रविवारी सांगितलं. पण ओदेरो गुरुजींना ते ऐकायला मिळालं नाही.